नामंजूररावांचा गुलाबी ठिपका

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना ‘नामंजूरराव’ हे नाव मी ठेवलं, असं लोक म्हणतात. साफ खोटं आहे. मी ते फक्त पसरवलं. ठेवलं त्यांच्या बायकोने. लग्नाच्या वाढदिवसाला बाहेर जेवायला जाऊ या, असं वहिनी एकदा म्हणाल्या, तर हे म्हणाले, “मागच्याच वर्षी गेलो होतो ना?” त्यावर चारही मजल्यांना ऐकू जाईल अशा बेताने वहिनी जिन्यातून म्हणाल्या, “आले आमचे नामंजूरराव. आता अर्ज करा आणि नकाराची स्लिप घ्या.” मी तेव्हा दुसऱ्या मजल्यावर दाराची कडी दुरुस्त करत होतो. कडीला काहीही झालेलं नव्हतं.

नाव चिकटलं, कारण माणसाचा धंदाच तो होता. बाजारातल्या एका इमारतीत, चपलांच्या दुकानाच्या वर, एका कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे. चार्जर, वायरी, इयरफोन, पॉवर बँक, छोटे स्पीकर, असला किरकोळ माल. वर्षाच्या आत बिघडला तर बदलून मिळेल, असं खोक्यावर ठळक लिहिलेलं आणि कुठल्या परिस्थितीत मिळणार नाही, ते आतल्या कागदावर मुंगीच्या पावलांनी. जिना चढून गेलं की रबराचा वास, नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र आणि एकमेकींना जोडलेल्या सहा खुर्च्या. त्यांतली तिसरी मोडकी. प्रत्येक नवा माणूस तीवर एकदा बसतो आणि मग उभा राहतो. काचेपलीकडे नामंजूरराव. पुढ्यात दिवा लावलेलं भिंग, बरणीत कापसाच्या काड्या आणि हाताशी दोन शिक्के. मंजुरीचा शिक्का इतका कोरा होता, की त्याच्या मुठीवरचा कागदही निघालेला नव्हता.

कामाची रीत ठरलेली. आधी बिल, मग खोका, मग खोक्यावरचा आणि वस्तूवरचा नंबर जुळतो का ते. सगळं जुळलं की खरी परीक्षा. या कंपनीच्या प्रत्येक वस्तूत, जिथे वायर खोचतात त्या भोकाच्या आत, मोहरीएवढा पांढरा ठिपका असतो. पाणी लागलं की तो गुलाबी होतो. गुलाबी झाला की वॉरंटी खलास. पण लोकांच्या खिशातला कचरा त्या भोकात जाऊन बसतो. नामंजूरराव तिथे नवे लागले, तेव्हा फुंकर मारून तो उडवायचे. पहिल्याच आठवड्यात तेव्हाचे मॅनेजर त्यांच्यावर खेकसले, “फुंकू नका, थुंकी उडते. चष्म्याची काच पुसता तसं करा.” झालं. तेव्हापासून वस्तू तोंडाशी धरायची, हाऽऽ करून ऊब द्यायची, काडीने पुसायचं, मग भिंगाखाली धरायचं आणि म्हणायचं, “पाणी गेलंय.”

अकरा वर्षं. नकार देण्यात हे सेंटर सगळ्यांत पुढे म्हणून कंपनीने एक ढालही पाठवली होती. ती भिंतीवर होती आणि तिच्यावर “ग्राहकसेवेत अव्वल” असं कोरलेलं होतं.

पहिल्या वर्षी एका शिंप्याने इयरफोन काचेवर फेकून मारला होता, तेव्हा नामंजूररावांना दोन दिवस जेवण गेलं नाही. एक मुलगी रडली, तिचा पहिल्या पगारातून घेतलेला स्पीकर होता, तेव्हा त्यांनी वहिनींना चारचारदा विचारलं, “मी नीट पाहिलं असेल ना गं?” दुसऱ्या वर्षी ते एकदा विचारायला लागले. तिसऱ्या वर्षी विचारायचे थांबले. काही वाटेनासं झालं, आणि वाटेनासं झालंय, याचंही काही वाटलं नाही. थोरला भाऊ गेल्याचा फोन काउंटरवरच आला. त्यांनी रांगेतले उरलेले चार नंबर संपवले, काच पुसली आणि मग निघाले. हॉस्पिटलात त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते, “कागद कुठे मिळतील?” वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, “दगडालाही पाझर फुटतो म्हणतात. तो दगड वेगळ्या खाणीतला असणार.”

आता बाई येतात. या बाई शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मदतनीस होत्या. निवृत्त झाल्या, पण मीठ आणि साखरेच्या बरण्यांवर अजून तारीख घालून चिठ्ठ्या डकवतात. आमची ओळख वाचनालयातली. तिथे मी वर्तमानपत्राआडून माणसं वाचतो आणि बाई वर्तमानपत्रातल्या चुकांवर खुणा करतात. त्यांच्याकडे त्यांची थोरली बहीण राहते, शहात्तर वर्षांची. तिला दोन्ही कानांत मशीन घालावं लागतं. मशीनं शेंगदाण्याएवढी, दिवसभर वापरायची आणि एका डबीत ठेवून चार्ज करायची. मशीनं एका कंपनीची, डबी या कंपनीची. नवव्या महिन्यात डबी बंद पडली. डबी बंद म्हणजे मशीनं बंद, आणि मशीनं बंद म्हणजे ताई एका खोलीत आणि जग दुसऱ्या.

बाई सोमवारी काउंटरवर गेल्या. मोडक्या खुर्चीवर बसल्या नाहीत. त्यांनी आधी ती दाबून पाहिली.

“बिल?”

त्यांनी दिलं. झेरॉक्ससकट.

“खोका?”

तोही दिला. आतला कागद इस्त्री केल्यासारखा.

नामंजूररावांनी नंबर जुळवला, डबी तोंडाशी नेली, हाऽऽ केलं, काडी फिरवली, भिंग ओढलं. “पाणी गेलंय, मॅडम.”

“बघू.”

त्यांनी भिंग वळवून दाखवलं. ठिपका गुलाबी होता.

“मी घरी भिंगातून पाहिला, तेव्हा पांढरा होता.”

“सगळे तसंच म्हणतात.”

“सगळ्यांकडे भिंग नसतं. तुम्ही आत्ता काय केलंत?”

“तपासलं.”

“त्याच्या आधी. तोंडाने.”

नामंजूररावांना काही कळलं नाही. “धूळ काढली,” ते म्हणाले.

“अहो, तोंडातून नुसती हवा येत नाही. वाफ येते. मी एकतीस वर्षं मुलांना काचेवर श्वास सोडून दाखवत आलेय. त्या नव्या खोक्यातली एक वस्तू घ्या आणि माझ्यासमोर हाऽऽ करा.”

“विक्रीचा माल उघडता येत नाही.”

“मग असं बघा. वॉरंटी ही तुमची मेहेरबानी नाही, विकताना दिलेला शब्द आहे. पाणी गेलं असं तुम्ही म्हणताय, तेव्हा ते दाखवायचं काम तुमचं. पाणी गेलं नाही, हे मी का सिद्ध करत बसू?”

मागून कोणीतरी म्हणालं, “मावशी, आवरा की. माझाही नकार घ्यायचा राहिलाय.” दोघंतिघं हसले. नामंजूररावांनी शिक्का मारला. बाईंनी वेळ विचारली, ती स्लिपवर लिहिली, स्लिप घडी करून पर्समध्ये ठेवली आणि गेल्या.

दुपारी जेवायच्या सुट्टीत नामंजूररावांनी डबा उघडला आणि तो तसाच ठेवून कपाटातला दाखवायचा चार्जर काढला. भिंगाखाली धरला. पांढरा. हाऽऽ केलं. गुलाबी. दुसरा घेतला, नुसताच पाहिला. पांढरा. कोरड्या काडीने पुसला. पांढरा. हाऽऽ केलं. गुलाबी. तिसरा मग त्यांनी केलाच नाही. हात धुतले आणि डबा पूर्ण संपवला. मी मुद्दाम विचारलं होतं, “घास गेला घशाखाली?” तर म्हणाले, “गेला. भाजी बरी होती.” थोबाडीत मारल्यावर आधी गाल बधिर होतो आणि दुखायला नंतर लागतं. इथे नंतर येतच नव्हतं.

दुपारी चार जण आले. नामंजूररावांनी चौघांच्या वस्तू कोरड्या काडीने पुसल्या. चारही पांढऱ्या. चार वेळा मंजुरीचा शिक्का उठला. पहिल्यांदा शाईच लागेना. एका रिक्षावाल्याने बदली चार्जर हातात घेऊन संशयाने विचारलं, “साहेब, हा चालू आहे ना?” मॅनेजर आतून येऊन बघून गेले. हे मॅनेजर नवे, नामंजूररावांच्या मुलाच्या वयाचे. त्यांनी नामंजूररावांच्या कपाळाला हात लावला. “काका, ताप नाही ना?”

संध्याकाळी त्यांनी वहिनींना सांगितलं. वहिनी दाताच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करतात, दिवसभर लोकांची तोंडं बघून कंटाळलेल्या असतात. छत पातळ आहे, माझा इलाज नाही.

“म्हणजे पाणी कुणाच्याच वस्तूत गेलं नव्हतं?”

“काहींच्या गेलं असेल. कुणाच्या ते आता कळायचं नाही.”

“आणि हे अकरा वर्षं?”

“हो.”

“किती लोक असतील हो?”

“अकरा वह्या आहेत.”

वहिनींचा आवाज एकदम खाली आला. हे त्यांच्या बाबतीत मी प्रथमच ऐकलं. मग म्हणाल्या, “मी म्हणणार होते, तोंड मिटून बसा, नोकरी सांभाळा. पण तोंड मिटून काम केलं असतंत, तर हे झालंच नसतं.”

“मला काही वाटत नाहीये गं.”

“ते मला सांगू नका. माझ्याकडे त्याचा सत्तावीस वर्षांचा पुरावा आहे.”

शुक्रवारी कंपनीला बाईंचं पत्र आलं, पोचपावतीचं. तीन पानं, आणि मथळे काय, तर उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. बाईंनी त्याच कंपनीची एक नवी वायर विकत घेतली होती, शेजारच्या दोघांना साक्षीला बसवून तिच्यावर श्वास सोडला होता आणि आधीचा आणि नंतरचा फोटो डकवला होता. शेवटी लिहिलं होतं, आठ दिवसांत डबी बदलून मिळाली नाही, तर ग्राहक मंचात हाच प्रयोग मंचासमोर करून दाखवण्यात येईल.

मॅनेजरने दार लावून घेतलं. “काका, ही बाई काहीच्या काही लिहितेय ना?”

“नाही सर. खरं आहे. मी करून पाहिलंय.”

मॅनेजरने पत्र पालथं घातलं, जणू ते न दिसल्याने भागणार होतं. “हे आपल्या दोघांत राहू दे. तुम्ही या सेंटरचे खांब आहात. उद्या नवीन डबी घेऊन स्वतः त्यांच्या घरी जा. हा कागद न्या. सही घ्या, मग डबी द्या. सही नाही तर डबी नाही.”

कागदावर छापलेलं होतं: ओलावा शिरल्यामुळे बिघाड झाल्याचे मला मान्य आहे, कंपनीने सद्भावनेने बदली वस्तू दिली आहे, माझी कोणतीही तक्रार नाही.

“आणि काउंटरवर, सर? मी आता श्वास सोडत नाही.”

“सोडत जा,” मॅनेजर म्हणाले. ते हसले नाहीत, म्हणून नामंजूररावांना ते नीट कळलं.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही त्याच काळजीत राहाल. नामंजूररावांना काउंटरवरून काढलं. हल्ली ते कंपनीच्या गोदामात खोक्यांना चिकटपट्टी लावतात. पगार तोच ठेवलाय, कारण बाईंचं लक्ष आहे हे कंपनीला ठाऊक आहे. आता शनिवारचं ऐका.

शनिवारी सकाळी ते बाईंच्या घरी गेले. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत खिडकीशी ताई बसलेल्या, मांडीवर लोकर, आणि विणत नव्हत्या. दारावरची बेल त्यांना ऐकू गेली नव्हती. माणूस आत आलेला दिसल्यावर त्या मोठ्यांदा म्हणाल्या, “दूधवाला का गं?”

“नाही ताई,” बाई म्हणाल्या आणि मग हातानेही नाही केलं. “तीन आठवडे हे असं चाललंय. आधी विचारायची, काय म्हणालीस. मग हसून मान हलवायची. आता तेही सोडलंय. परवा रस्त्यात टेम्पो पाठीशी येऊन हॉर्न वाजवत होता. मी दंड धरून ओढलं, तर मलाच रागावली.”

नामंजूररावांनी टेबलावर डबी ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने कागद पुढे केला. बाईंनी तो चष्मा लावून वाचला, चष्मा काढून परत वाचला.

“हे खोटं आहे.”

“हो.”

“आणि तुम्हाला माहितीये.”

“हो.”

“सही केली नाही तर?”

“डबी परत न्यायला सांगितलंय.”

“मंचात जाईन मी. जिंकेनही. पण त्याला किती महिने लागतात, तेही मला माहितीये.” त्यांनी बहिणीकडे पाहिलं. “मी एकटी असते, तर तुम्हाला जिन्यावरूनच परत पाठवलं असतं. मुलांनी निरीक्षण खोटं लिहिलं, की मी वही फाडायला लावायची. हिच्या कानांवर माझा हट्ट चालवणारी मी कोण?” आणि त्यांनी पेन उघडलं.

हे सगळं मला बाईंनीच सांगितलं. म्हणाल्या, “मी नावाचं पहिलं अक्षर काढणार, तोच त्यांनी कागद ओढला. जोराने नाही. टेबलावरचं ताट उचलावं तसा.”

“नको,” नामंजूरराव म्हणाले. त्यांनी कागद उलटा केला, पेन मागितलं आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: ‘या डबीत पाणी गेले नव्हते. तपासताना मी तिच्यावर श्वास सोडला, म्हणून ठिपका गुलाबी झाला. इतर वस्तूंच्या बाबतीतही मी असेच करत आलो.’ खाली सही, तारीख, आणि सवयीने आपला कर्मचारी क्रमांक.

“हे मला देताय? तुमचं काय होईल?”

“काउंटरवरून काढतील.”

“वाईट वाटत नाही?”

ते जरा थांबले. प्रामाणिकपणे आत शोधून आल्यासारखे. “नाही.”

“मग हे लिहून बरं तरी वाटलं?”

“तसंही नाही, मॅडम.”

बाईंनी फडताळातून ताईंची मशीनं काढली, नव्या डबीत बसवली आणि वायर लावली. डबीवर तांबडा दिवा लागला.

नामंजूरराव उठेनात. बदली दिलेली वस्तू ग्राहकासमोर चालवून दाखवायची, असा नियम होता, आणि अकरा वर्षांत तो पाळायची वेळ गेल्या सोमवारपर्यंत आली नव्हती. हिरवा दिवा लागायला तास-दीड तास लागणार होता. बाई म्हणाल्या, “बसा. चहा टाकते,” आणि आत गेल्या.

खोलीत दोघंच उरले. ताईंनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली, येणाऱ्याजाणाऱ्याला हलवतात तशी. नामंजूररावांनीही हलवली. मग ते बोलायला लागले. काउंटरवरच्या आवाजात, एका पट्टीत, काचेपलीकडच्या माणसाशी बोलावं तसं. आधी शिंपी. त्याचा इयरफोन काळा होता, त्याला दुकानात काम करताना बातम्या ऐकायच्या होत्या. मग पगारातून स्पीकर घेणारी मुलगी. मग एक म्हातारा, जो नुसता “बरं” म्हणून गेला होता. एक बाई, जिचं लहान मूल काउंटरवर उभं राहून शिक्क्याकडे हात करत होतं आणि तिने विचारलं होतं, याला एक शिक्का मारू देता का, आणि त्यांनी नाही म्हटलं होतं. मग भाऊ. फोन आला, तेव्हा पुढे सत्तेचाळीस नंबर होता. पन्नासपर्यंत केले. पन्नास नंबरच्या माणसाचा चार्जर निळा होता आणि त्यालाही पाणी गेलंय म्हटलं. भावाचा चेहरा आठवत नाही, निळा चार्जर आठवतो.

ताई त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. मधूनच मान हलवत होत्या. एकदा चुकीच्या ठिकाणी हसल्या.

आत बाईंच्या हातात साखरेचा चमचा होता. तो त्यांनी कपावर धरला तो धरलाच. चहा दोनदा निवला, दोनदा तापवला, आणि बाहेर नेला नाही. मी विचारलं, “इतका वेळ काय करत होता हो तुम्ही?” तर म्हणाल्या, “तुम्ही केलं असतंत तेच.” हे मात्र त्यांनी बरोबर ओळखलं.

दिवा हिरवा झाला, तेव्हा नामंजूररावांचं बोलणं आपोआप थांबलं. बाई बाहेर आल्या. त्यांनी मशीनं उचलून बहिणीच्या कानांत एकेक करून बसवली आणि मागे सरल्या. ताईंनी डोकं जरा कलतं केलं. खालून एक सायकल गेली, तिची घंटा वाजली, तेव्हा त्या खिडकीकडे वळल्या आणि परत नामंजूररावांकडे.

“हं,” त्या म्हणाल्या. “मघापासून तुम्ही काहीतरी सांगत होता. माझ्यापर्यंत काही पोचलं नाही हो. आता सांगा.”

नामंजूररावांनी आधी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पाहिलं नाही. त्या जुनी डबी खोक्यात घालत होत्या. मग नामंजूररावांनी मांडीवर हात ठेवले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

“एक शिंपी होता,” ते मोठ्यांदा म्हणाले.

“हळू बोला,” ताई म्हणाल्या. “ऐकू येतंय मला.”